हात मागे बांधून शिकवणारे टेंभरे सर

टेंभरे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा यांना काही येत नसावे, असे माझे मत झाले. हे वाक्य गौरवग्रंथात शोभणारे नाही, हे मला कळते. पण संपादक मंडळाने ‘पहिली ओळख जशी झाली तशी लिहा’ असे बजावले आहे, आणि पहिली ओळख तशीच झाली.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आमच्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, तो दिवस. टेबलावरचा संगणक काही केल्या सुरू होईना. शेजारीच संगणक प्रयोगशाळा होती, म्हणून मी तिकडे गेले. आत पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. समोर एक विद्यार्थिनी कीबोर्डवर काहीतरी करत होती, अडत होती, वर पाहत होती, आणि हे नुसते म्हणत होते, “बरं, पुढे?” तपासणीला आलेले कोणी अधिकारी असावेत, असे मला वाटले. चौकशी केल्यावर कळले की हे गणिताचे प्राध्यापक हेमराज टेंभरे, आणि प्रयोगशाळाही तेच सांभाळतात. मी माझी अडचण सांगितली. सर लगेच माझ्याबरोबर आले, संगणकासमोर उभे राहिले. हात तसेच मागे.

“बटण दाबा. काय दिसून राहिलं ते वाचा.”

मी वाचले.

“आता काय करावं वाटते?”

“मला काय वाटणार, सर? तुम्हीच बघा ना.”

“मी बघूनच राहिलो,” सर शांतपणे म्हणाले.

दुपार कलेपर्यंत तो संगणक माझ्याच हातांनी सुरू झाला. घरी गेल्यावर मी सांगितले की इथे संगणक शिकवणाऱ्यालाच संगणक येत नाही, सगळे दुसऱ्यांकडून करवून घेतात. घरच्यांनाही ते पटले, कारण सरकारी-निमसरकारी जगाचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता.

ते मागे बांधलेले हात म्हणजे काय प्रकरण आहे, हे समजायला मला बराच काळ लागला. हा लेख त्या हातांविषयीच आहे.

सरांचे घराणे गोरेगाव तालुक्यातले, धानाची शेती असलेले. शिक्षण गोंदियाला आणि पुढे नागपूरला. ते महाविद्यालयात आले गणित शिकवायला. प्रयोगशाळा त्यांच्या गळ्यात पडली ती दुसरे कोणी घेईना म्हणून. त्या काळी आमच्या प्रयोगशाळेची जी अवस्था होती ती आजच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरी वाटायची नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मशीन सख्ख्या जावांसारख्या वागत. एकीवर मराठी अक्षरे उमटत, दुसरीवर त्याच जागी रिकामे चौकोन येत. एकीवर छपाई व्हायची, पण ती केली की दुसरे काहीतरी बंद पडायचे. कोणी कधी काय टाकले, काय काढले, याचा पत्ता कोणालाच नव्हता. मशीन फारच रुसली की गोंदियाहून दुकानदार यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, “सर, फॉर्मेट मार देते हैं ना, काहे को टेन्शन लेते हो?” तो फॉर्मेट मारून जायचा. मशीन कोरी व्हायची, आणि मग पुन्हा प्रत्येक जण तिच्यात आपापले काहीबाही भरायला लागायचा.

सरांच्या गणिती स्वभावाला हे सहन होईना. एका उन्हाळी सुटीत ते कुठेच गेले नाहीत. सुटी संपल्यावर शिक्षकांच्या सभेत उभे राहून त्यांनी सांगितले की यापुढे प्रयोगशाळेतल्या मशीन फलनाच्या पद्धतीने चालतील. फलन हा शब्द आमच्यापैकी बहुतेकांनी अकरावीत शेवटचा ऐकला होता आणि त्याची पुन्हा भेट होईल अशी कोणाची इच्छा नव्हती.

सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला. “फलनात एका बाजूनं काहीतरी टाकलं की दुसऱ्या बाजूनं ठरलेलंच बाहेर येते. आज टाका, उद्या टाका, मी टाकलं, तुम्ही टाकलं. तेच येते. आता ह्या चौकोनात मी मशीनचं वर्णन टाकतो. कोणती सॉफ्टवेअर पाहिजेत, कोणत्या आवृत्तीची, कोणते फॉन्ट, कोणता प्रिंटर, कोणाला काय उघडता यावं. सगळं एका फाईलमध्ये लिहून. दुसऱ्या बाजूनं अख्खी मशीन तयार होऊन बाहेर येते. बिघडली तर तिला दुरुस्त करायचं नाही. वर्णन दुरुस्त करायचं आणि मशीन पुन्हा उभी करायची.”

तेव्हाच्या प्राचार्यांनी विचारले, “ते ठीक आहे. पण यात खरेदी काय करायची आहे?”

“काहीच नाही, साहेब.”

प्राचार्यांचा चेहरा पडला. ज्या योजनेत खरेदी नाही तिचे उद्घाटन कसे करायचे, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

इतरांना ती गोष्ट उमगायला वेळ लागला, मला मात्र चटकन समजली. त्याचे श्रेय माझ्या बुद्धीला नाही, माझ्या धंद्याला आहे. सरांनी मला विचारले, “बोपचे मॅडम, तुमच्याकडं एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली तर तुम्ही जुनी फाडून फेकता का?” मी म्हटले, असे कसे करीन? दोन्ही शेजारी शेजारी राहतात, प्रत्येकीला आपापला दाखल क्रमांक असतो. “साधी मशीन जुनी फाडून फेकते,” सर म्हणाले, “आणि जुनीवर ज्याचा अभ्यास चालू होता तो उघडा पडतो.” त्यांच्या पद्धतीत प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या स्वतंत्र जागेवर, आपल्या क्रमांकासह राहते. तो क्रमांक ते कशाकशापासून तयार झाले त्यावरून ठरतो. त्यामुळे दोन आवृत्त्या एकाच मशीनवर भांडण न करता नांदतात. वर्णन बदलून मशीन पुन्हा उभी केली तरी आधीची मांडणी पुसली जात नाही, मागे उभी असते. नवी पसंत पडली नाही तर मशीन सुरू करताना मागची निवडायची, की कालची मशीन जशीच्या तशी हजर. सर तिला मागची पिढी म्हणत. मी त्याच आठवड्यात ग्रंथालयाची मशीन त्या पद्धतीवर नेली. आमच्याकडे नेटचा काही भरवसा नसल्यामुळे लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरचे भांडारही सरांनी ग्रंथालयातच ठेवले. “साठवून ठेवणं आणि मागितल्यावर तेच देणं, हे तुमचंच काम आहे,” असे ते म्हणाले, आणि हा मी माझा मोठा सन्मान समजते.

यातूनच आमच्याकडे शनिवारची पुसापुशी सुरू झाली. दर शनिवारी तास संपले की प्रयोगशाळेतली कोणतीही एक मशीन विद्यार्थी निवडत आणि तिची डिस्क साफ पुसून टाकत. चांगली चालणारी मशीन, उगीच. मुलांचे काम वेगळ्या ठिकाणी जपून ठेवलेले असे, तेवढे सोडून सगळे कोरे. मग वर्णनावरून ती पुन्हा उभी करायची. हे चालू असताना सर आत नसत. ते व्हरांड्यात, हात मागे बांधून, समोरच्या शेताच्या बांधीतल्या धानाकडे बघत उभे असत. कोणी विचारायला बाहेर आलेच तर म्हणत, “मी आज आलोच नाही असं समज.” पहिल्या काही शनिवारी पोरे रडकुंडीला आली. नंतर तो खेळ झाला. बाहेरच्या शाळांनाही सरांनी हीच पद्धत लावून दिली. मोटरसायकलवर बसून ते अर्जुनी मोरगावपर्यंत जात आणि तिथेही मशीनला हात न लावता परत येत.

आणि पुसापुशीत नियम एकच, पण कडक. वर्णनात लिहिलेले तेवढे परत येणार. हाताने केलेले गेले ते गेले. त्यावर रडारड नाही, तक्रार नाही. खुद्द प्राचार्यांनाही यातून सूट मिळाली नाही. गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवावर त्यांची श्रद्धा. त्यांनी आपल्या मशीनच्या पडद्यावर हौसेने मंदिराचे छायाचित्र लावले होते. एका शनिवारी पोरांनी कार्यालयातली ती मशीन निवडली आणि ते पुसले गेले. सोमवारी साहेब तावातावाने प्रयोगशाळेत आले. सर म्हणाले, “वर्णनात लिहा, साहेब. मग कोणाच्या बापाकडूनही पुसलं जाणार नाही.” साहेबांनी इरेला पेटून सर मागे उभे असताना स्वतः ओळ लिहिली. फक्त ती आपल्या मशीनच्या जागी न लिहिता सगळ्या मशीनच्या सामाईक भागात लिहिली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या, कार्यालयातल्या आणि माझ्या ग्रंथालयातल्या झाडून सगळ्या पडद्यांवर नागऱ्याचा महादेव प्रकटला. सरांना चूक दिसली होती की नाही, हे मी त्यांना अनेकदा विचारले आहे. ते नुसते हसतात.

सरांच्या कडकपणाविषयी इतके लिहिले, म्हणून त्यांच्या मायेविषयीही लिहिले पाहिजे. तीत एक मोठे कोडे निघाले, आणि त्या हातांचा खरा अर्थ मला तिथेच कळला.

आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूच्या एका जंगलातल्या गावातून कुंदा उईके नावाची मुलगी आमच्याकडे शिकायला आली. जन्मापासून नजर अधू. पडद्याला नाक लावले तरी तिला नेहमीच्या आकाराचे अक्षर दिसत नसे, नुसता उजेड आणि ठळक रंग दिसे. वडील वनमजूर. त्यांनी तिला वसतिगृहात ठेवले ते एका बोलीवर. एका वर्षाचा संगणक अभ्यासक्रम तिने या वर्षी पुरा केला तर पंचायतीतल्या संगणकाच्या कामासाठी तिचे नाव पुढे करायचे, नाही तर घरी परत यायचे. वडील वाईट नव्हते. अधू नजरेच्या पोरीला इतक्या दूर ठेवायची त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीची मुदत त्यांनी एक वर्ष ठरवली होती.

कुंदा प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या मशीनवर बसे. त्या मशीनची तऱ्हाच वेगळी होती. पडदा काळा, अक्षरे पिवळी आणि बोटभर मोठी. कानाला यंत्र लावले की दाबलेले प्रत्येक अक्षर ती मराठीत हळू आवाजात बोलून दाखवी. कुंदाची बोटे त्या मशीनवर इतकी सरावली की टंकनात तिने डोळसांना मागे टाकले. ती मशीन तशी कशी झाली, याचा आम्ही कधी विचारच केला नाही. वर्णनात असेल, असे धरून चाललो. शनिवारी कोपऱ्यातली ती मशीन कोणी निवडत नसे. कुंदाला त्रास नको म्हणून पोरे आपणहून तिला वगळत.

त्या वर्षी परीक्षा तोंडावर आली असताना वर्गात शिकवता शिकवता सरांच्या छातीत कळ आली. ते खडू खाली ठेवून खुर्चीवर बसले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, “पुढचं तुम्हीच सोडवा.” पोरांना वाटले, नेहमीचेच. सरांचा घाम पाहून एक मुलगी धावत माझ्याकडे आली, म्हणून पुढचे निभावले. त्यांना गोंदियाहून नागपूरला हलवले आणि हृदयाची शस्त्रक्रिया ठरली.

अडचणी यायच्या तर जोडीने येतात. त्याच आठवड्यात एका सकाळी मोठे वादळ झाले. वीज गेली आणि परत आली ती अशा दाबाने की भिंतीकडची मशीनची अख्खी रांग जळाली. तिच्यात कोपऱ्यातली मशीनही होती. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा, नागपूरचे बहिःस्थ परीक्षक निघालेले, आणि सरांची शस्त्रक्रिया नेमकी वादळाच्याच सकाळी. प्रयोगशाळा सहायक मेश्राम आणि मी त्या जळक्या रांगेपुढे उभे होतो.

“मॅडम, करून तं पाहू,” मेश्राम म्हणाले. “सरानं आपल्याले शनिवारी कायले राबवलं मंग?”

गोंदियाच्या त्याच दुकानदाराकडून जुन्या मशीन तातडीने मागवल्या. भांडार ग्रंथालयात सुरक्षित होते, वर्णनही होते. मेश्राम कीबोर्डवर बसले आणि मी मागे उभी राहिले. एकेक मशीन उठत गेली. तोच पडदा, तेच फॉन्ट, तोच प्रिंटर, आणि हो, तोच नागऱ्याचा महादेव. ज्या प्रयोगशाळेत एकेक मशीन उभी करायला पूर्वी आठवडे जात, तिथे अख्खी रांग त्या दुपारीच उभी राहिली. सरांशिवाय. मेश्रामांनी महादेवाला हात जोडले. मी आयुष्यात प्रथमच एका फाईलला मनातल्या मनात नमस्कार केला.

तेवढ्यात कुंदा सरावाला आली. कोपऱ्यात बसली. कानाला यंत्र लावले, बोटे ठेवली, आणि थांबली.

“मॅडम, ही माही मशीन नाही होय.”

“अगं, नवीन आहे. पण तशीच आहे.”

“ही बोलूनच नाई राहिली.”

आम्ही वर्णन वरपासून खालपर्यंत वाचले. पुन्हा वाचले. मोठी अक्षरे नाहीत, पिवळा रंग नाही, आवाज नाही. कुंदाच्या मशीनविषयी त्यात अवाक्षर नव्हते. जी मशीन पाहून काही उमगले असते ती जळून गेलेली. मेश्रामांना माझ्या आधी समजले.

“सरानंच हातानं केलन असंल,” ते हळूच म्हणाले. “आपल्याले हात लावू देत नाई, आन् सोताच हातानं केलन.”

मला त्या क्षणी सरांचा राग आला, आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आले. आम्हांला तीनशे वेळा शिकवलेला नियम ज्या माणसाने मोडला तो कोणासाठी मोडला, हे समोर बसले होते. फोन करायची सोय नव्हती. सर त्या वेळी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवरही आले नव्हते.

मशीन पोचवायला आलेला दुकानदार तिथेच होता. त्याने मनापासून सल्ला दिला, “मॅडम, हाथ से डाल दो ना. एक ही दिन का तो काम है.” बरोबरच होते त्याचे. पण मेश्रामांनी मान हलवली. उद्या ही मशीनही जळाली तर? पुढच्या वर्षी दुसरी कुंदा आली तर? शिवाय करायचे काय, हेच आम्हांला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असणारे माणूस एकच होते, आणि ते खुर्चीवर रडवेले होऊन बसले होते.

“कुंदा, तुझी मशीन कशी होती ते सांग,” मी म्हटले. “एकेक करून सांग. आम्ही लिहितो.”

ती सांगू लागली. अक्षर केवढे. पिवळा कसला, हळदीचा की लिंबाचा. आवाज बाईचा नाही, माणसाचा, आणि सावकाश. जोडाक्षर आले की आधी अर्धे, मग पूर्ण. मेश्राम एकेक ओळ लिहीत, मशीन पुन्हा उभी करत, कुंदा ऐके आणि म्हणे, “नाई, अजून सावकाश.” पुन्हा ओळ बदलायची. बोलणारे सॉफ्टवेअर नेटवरून उतरवायला लागले, आणि त्या दिवशी नेटने कधी नव्हे ती लाज राखली. ऊन उतरायच्या सुमारास कुंदाने बोटे चालवली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “आता हे माहंच आहे.” तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी सगळी दुपार हात मागे बांधून उभी होते.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक आले. विद्यार्थी जागेवर बसले. मेश्रामांनी सगळ्या मशीन ताज्या वर्णनावरून सुरू केल्या. आणि प्रयोगशाळेतला प्रत्येक पडदा काळा झाला, त्यावर बोटभर पिवळी अक्षरे आली, आणि पोरांची बोटे पडताच सगळ्या मशीन एकदम, सावकाश, पुरुषी आवाजात बाराखडी बोलू लागल्या. घाईत मेश्रामांनी त्या ओळी सामाईक भागात लिहिल्या होत्या. तीच जागा, जिथे एकदा नागऱ्याचा महादेव गेला होता.

पोरे हसून लोटपोट. परीक्षक चष्मा काढून आळीपाळीने पडदे पाहत राहिले. फक्त कुंदा हसत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत.

“मॅडम,” ती म्हणाली, “म्हंजे आज मी कोनत्याबी खुर्चीवर बसली तं चालते?”

हसणे थांबले. परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला आणि ते म्हणाले, “चालतं, बेटा. बस कुठेही.” ती पहिल्यांदाच कोपरा सोडून मधल्या रांगेत, मैत्रिणींच्या शेजारी बसली. मेश्रामांनी एक ओळ बदलली. ही सोय प्रत्येक मशीनवर राहील, पण ठरलेली कळ दाबली तरच बोलेल, अशी. परीक्षा झाली. कुंदा उत्तीर्ण झाली, आणि आज ती आपल्या पंचायतीत संगणकावर बसते. वडिलांची भीती संपली की नाही मला माहीत नाही, पण मुदत संपली.

सरांना बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मेश्राम आणि मी नागपूरला त्यांना भेटायला गेलो. सगळे सांगितले. सरांनी उशी सरकवून घेतली. मग म्हणाले, “त्या दिवशी ती पोरगी पहिल्यांदा आली आणि पडद्यावर नाक टेकवून रडायला लागली. मला धीर निघाला नाही, मॅडम. म्हटलं, आधी तिचं करून देऊ, मग लिहू. लिहायचं राहूनच गेलं.” ते पुढे म्हणाले, “मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नसतो तर तिची मशीनही माझ्यासंगं गेली असती. माया आली की माणूस हातानं काम करते. अन् तेच नेमकं लिहून ठेवलं पाहिजे.” मग मेश्रामांकडे वळून त्यांनी हुकूम सोडला, “त्या ओळी सगळ्या शाळांच्या वर्णनात टाका.”

त्याप्रमाणे झाले. आज आमच्या पद्धतीने चालणाऱ्या प्रत्येक शाळेत ती कळ दाबता येते. एका शाळेत ती मोतीबिंदू झालेले मुख्याध्यापक दाबतात, असे मेश्राम सांगतात. त्यांना हे कोणामुळे मिळाले ते ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही.

आता सरांची साठी पूर्ण झाली आणि ते सेवानिवृत्त होत आहेत. या ग्रंथासाठी मजकूर मागवताना संपादक मंडळाने आम्हांला एक वाक्य सुचवले होते: ‘सरांवाचून महाविद्यालयाचे पान हलणार नाही.’ मी ते लिहायला साफ नकार दिला. सरांच्या बाबतीत हे वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे ठरावे म्हणूनच हा माणूस आयुष्यभर हात मागे बांधून उभा राहिला. सरांवाचून आमचे चालते. आम्ही ते चालवून दाखवले आहे. यापेक्षा मोठा गौरव त्यांचा करता येईल असे मला वाटत नाही.

गेल्या शनिवारी त्यांच्या सेवेतली अखेरची पुसापुशी झाली. निवडायची मशीन सरांनीच सांगितली. त्यांची स्वतःची. आणि ती उभी करायला कुंदा एसटीने मुद्दाम गोरेगावला आली होती. तिने सरांची मशीन कोरी केली, ग्रंथालयातल्या भांडारावरून सुरू केली, ती कळ दाबली, आणि मशीनचा आवाज ऐकत ऐकत एकेक पायरी पार केली. सर नेहमीसारखे बाहेर व्हरांड्यात. बऱ्याच वेळाने ती भिंतीला हात लावत दारात आली.

“सर, झालं.”

सर आत आले. पडदा पाहिला. सगळे जागच्या जागी होते, काही राहिले नव्हते. त्यांनी हात मागून पुढे घेतले आणि कुंदाच्या डोक्यावर ठेवले. इतक्या वर्षांत त्या खोलीत सरांचे हात पुढे आलेले मी तेव्हाच पाहिले.

तर आदरणीय सर, शुभेच्छा देण्याची वेळ आली आहे. आपल्या मशीनला मागची पिढी निवडून पुन्हा सुरू होता येते. आपल्या शरीराला ती सोय नाही, तेव्हा पथ्य पाळा, गोळ्या वेळेवर घ्या, मोटरसायकल जरा बेताने चालवा आणि उदंड जगा. आपले काम आम्ही सांभाळू. कसे सांभाळायचे ते लिहिलेले आहे. फक्त त्या व्हरांड्यात हात मागे बांधून धानाकडे बघत उभे असलेले आपण, हे कसे लिहायचे ते आपण आम्हांला शिकवलेले नाही. म्हणून शनिवारी येत जा, सर. काही करू नका. नुसते उभे राहा.